नळी तुंबली

बाटलीच्या नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब पाच शतांश ग्रॅमचा असतो. मी वीस थेंब एका वाटीत पाडून तोलले, ते एक ग्रॅम भरले. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेवढेच. बाटली उलटी धरून नळीवर नख वाजवलं की असा थेंब टोकाला यायला हवा. आला तर नळी मोकळी, नाही आला तर तुंबलेली. यात तिसरी शक्यता नाही आणि मत मांडायला जागाही नाही.

हे काम मी उंदरांच्या खोलीत करते. खोलीला एक खिडकी आहे, तीही रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली. ओला भुसा, लघवी आणि त्यावर ओतलेलं फिनेल यांचा मिळून जो वास होतो तो केसांत बसतो, दोनदा धुतल्यावर निघतो. सवय होते म्हणतात. मला नऊ वर्षांत झालेली नाही.

उंदराला उलटी होत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. मळमळायला लागलं की तो पोट जमिनीला लावून पसरतो, हनुवटी जाळीवर घासत राहतो आणि भुसा, कागद, समोर येईल ते चावतो. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी दुपारचा डबा न उघडता घरी नेला होता.

आमचा प्रयोग या मळमळीवरच होता. उंदराला एखादी नवी चव द्यायची, नंतर मळमळ आणणारं इंजेक्शन द्यायचं. पुढच्या वेळी ती चव तो तोंडाला लावत नाही. घंटी आणि खाऊ यांची जोडी जमायला कितीतरी फेऱ्या लागतात, इथे बहुतेकदा एकच पुरते. सुई टोचलेली त्याला कळते, टोचणारा हात कळतो, तरी तो दोष देतो चवीलाच. माणसंही तेच करतात. लहानपणी आई मला कडू गोळी केळ्यात कुस्करून द्यायची. आज मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि शेजारच्या टेबलावर कुणी केळं सोललं तर उठून जाते. आईच्या मते ती नाटकं आहेत.

मुलांच्या रुग्णालयात हेच रोज घडतं. कॅन्सरवरचं जबर औषध चढवलेल्या मुलाला ओकाऱ्या होतात, आणि त्याआधी त्यानं जे खाल्लं असेल ते त्याच्या मनातून उतरतं. असं करत करत एकेक पदार्थ सुटत जातो. आमच्या विभागप्रमुखांची कल्पना अशी होती की औषधाआधी मुलाला एक झणझणीत, अनोळखी चवीचं सरबत पाजायचं. किळस त्या सरबतावर बसेल, आणि त्याच्या आधी प्यालेलं दूध वाचेल. सरांनी सरबताला नाव दिलं ढाल. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. ती खरी आहे का ते पाहायला चोवीस उंदीर होते. बारा उंदरांना दूध आणि मग इंजेक्शन. बारांना दूध, त्यावर ढाल आणि मग इंजेक्शन. इंजेक्शननंतर तीन दिवसांनी ज्याला त्याला पुन्हा दूध द्यायचं, पंधरा मिनिटांनी बाटली काढून तोलायची. जेवढी हलकी झाली तेवढं पोटात गेलं.

ढालीच्या गटातला नऊ नंबरचा उंदीर त्याच्या दिवशी शून्य ग्रॅम दूध प्यायला. मी बाटली उलटी धरली, नख वाजवलं, थेंब आला नाही. साय अडकली होती. मी वहीत लिहिलं, “नळी तुंबली. माप ग्राह्य नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांनी ते वाचलं. सरांच्या तोंडात दिवसभर पेपरमिंटची गोळी असते, ती ते दातांवर टकटक वाजवतात, आणि पान उलटायचं झालं की बोट जिभेवर ओलं करतात. वहीचे खालचे कोपरे त्यामुळे गोड, चिकट झालेले. एप्रिलमध्ये तिथे मुंग्या लागल्या होत्या. मी पानं कडेला धरून उलटते.

“ग्राह्य नाही,” सर म्हणाले. “छान शब्द आहे. शाब्बास, बेटा. लक्ष असतं तुझं.” त्यांनी डबी पुढे केली. मी एक गोळी घेतली.

त्याच आठवड्यात चौदा नंबरनं दूध हुंगलं आणि पाठ फिरवली. एक ग्रॅमसुद्धा नाही. सर मागेच उभे होते. पिंजऱ्यावर ढालीच्या गटाची पिवळी चिठ्ठी होती. खरं तर पिंजऱ्यावर नुसता नंबर असायला हवा. मापणाऱ्याला गट माहीत नसावा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसऱ्याच तासाला शिकवतो. पिवळ्या-निळ्या चिठ्ठ्या सरांनी सोयीसाठी लावून घेतल्या होत्या.

“तुंबली असेल बघ,” सर म्हणाले.

मी बाटली उलटी धरली होती. थेंब आला होता, तो मी पाहिला होता. तरी लिहिलं, नळी तुंबली. शाब्बास, गोळी. मग सतरा. मग एकवीस. तिसऱ्या वेळी त्यांना बोलावंही लागलं नाही. ते नुसते मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या कानामागे गोळी दातावर वाजली. मी लिहून मोकळी झाले. चौथी आणि पाचवी खोटी नोंद त्यांनी स्वतः केली, त्यांच्या तिरक्या अक्षरात, शब्द मात्र माझेच.

सहा उंदीर बाद झाले. उरलेल्या सहांतले पाच भरपूर दूध प्यायले होते. एक प्यायला नव्हता, तो ठेवला.

“एखादा राहू दे,” सर म्हणाले. “नाहीतर खोटं वाटतं.”

मला सगळ्यात जास्त शिसारी त्या वाक्याची आली. पण ती नंतर, घरी, दात घासताना. टूथपेस्टला पेपरमिंटचा वास होता. त्या दिवसापासून मी मिठानं दात घासते.

खरा हिशेब एका ओळीचा आहे. ढालीच्या गटात नऊ नंबर सोडला तर अकरांपैकी पाच उंदीर दूध प्यायले. ढाल नसलेल्या गटात बारांपैकी पाच. म्हणजे ढालीनं काही केलं नाही. छापून आला तो हिशेब मात्र सहांपैकी पाच असा होता. वर सरांचं नाव, खाली माझं.

लेख छापून आला आणि मी गप्प बसले, त्याला अकरा आठवडे झाले. माझी नेमणूक तीन-तीन वर्षांच्या कराराची, हा तिसरा करार. कायम करण्याची फाईल सरांच्या टेबलावर, डाव्या हाताला, पेपरवेटखाली. ते ती कधी हलवत नाहीत आणि कधी झाकतही नाहीत.

पिंजरे आणि बाटल्या धुणाऱ्या मावशी माझ्या आधीपासून तिथे आहेत. एका मंगळवारी त्या मोरीशी बाटल्या घासत होत्या. सुट्या नळ्या बादलीत. भिंतीतल्या खिळ्याला एक वाकडी तार अडकवलेली असते, तुंबलेल्या नळीत घालायला.

“ताई, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा.”

“तुमच्या वहीत म्हणे नळ्या लई... खूप तुंबतात. ऑफिसातला क्लार्क म्हणत होता, नव्या बाटल्या मागवल्यात. मावशींचं धुणं नीट नाही, असं लिहून पाठवलंय वर.”

“कुणी?”

“दुसरं कोण पाठवणार? माझं कुणी ऐकतं का? साहेबांनी.” त्यांनी तार खिळ्यावरून काढून माझ्यासमोर धरली. “ही बघा. गंजलीये. त्या दुधाच्या प्रकरणात एकदाच काढली होती, त्या नऊ नंबरसाठी. साय होती साय. बाकी एकही नळी माझ्याकडे तुंबून आली नाही. आली असती तर मला दिसली नसती? बावीस वर्षं हेच करते मी.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे ना? मग झालं.” त्यांनी तार परत अडकवली. “आणि मला एक कळत नाही. मी बाटल्या धुते त्या सगळ्या एकाच बादलीत. मग पिवळ्या चिठ्ठीच्याच तुंबतात आणि निळ्या चिठ्ठीच्या नाही, हे कसं? नळीला रंग दिसतो का?”

मी हसले. हसू बाहेर आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. आमच्या लेखावर दोन तज्ज्ञांनी शेरे मारले होते. हा प्रश्न त्यांपैकी एकालाही सुचला नव्हता.

“गरिबाचं नाव पुढे करायचं,” मावशी म्हणाल्या, “करून गेलं गाव आणि कुणाचं तरी नाव. तुम्ही कशाला तोंड पाडता? तुम्हाला नाही म्हणत मी.”

त्या मलाच म्हणत होत्या, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. तीन खोट्या नोंदी माझ्या अक्षरात होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाचा तास होता. विषय ठरलेला, प्रयोग म्हणजे काय, तुलनेचा गट कशाला, मापणाऱ्याला आंधळं का ठेवायचं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती सहसा बोलत नाही, बोलते तेव्हा मुद्द्याचं बोलते.

“मॅडम, एखादं माप चुकलं म्हणून काढून टाकायचं असेल, तर ते कधी ठरवायचं? निकाल बघून की आधी?”

“आधी,” मी म्हणाले. “कोणत्या कारणानं माप बाद होईल ते आधीच लिहून ठेवायचं, आणि दोन्ही गटांना तोच नियम लावायचा.”

“आणि नंतर कळलं तर?”

“तर नंतर कळलं असं लिहायचं.”

सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. पन्नास पेनं एकदम चालल्याचा आवाज झाला. माझ्या तोंडाला घाण चव आली, तांब्याचं नाणं चघळल्यासारखी, आणि ती संध्याकाळपर्यंत गेली नाही.

घरी आई दारातच म्हणाली, “आधी आंघोळ. बिळातून आल्यासारखी येतेस.”

आंघोळ करून आले तर ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती शाळेत शिवणकाम शिकवायची, उंदीर-इंजेक्शनशी तिचा संबंध नाही, पण तिला चुकलेलं माप समजतं. मधे एकदाही तिनं तोडलं नाही.

“म्हणजे त्यानं ढापलं,” ती शेवटी म्हणाली.

“आम्ही.”

“तू काय, तू हाताखालची.”

“अक्षर माझं आहे, आई.”

“बरं, आहे तर आहे. आता झाकली मूठ सव्वा लाखाची. ती फाईल एकदा सुटू दे, मग काय बोलायचं ते बोल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” तिनं एक किडका दाणा नखानं बाजूला सारला. “उंदरांचंच आहे ना? उंदराला दूध प्यायचं नव्हतं, नाही प्यायला. कुणाचं काय गेलं?”

“मुलांना देणार आहेत.”

तिचा हात थांबला. “कोणत्या मुलांना?”

मी सांगितलं. ऐकता ऐकता ती पुन्हा सोलू लागली. मग तिनं सोललेले आणि किडके दाणे एकाच भांड्यात गेलेले पाहिले आणि पुन्हा वेचायला बसली.

“तुला लहानपणी त्या गोळ्या दिल्या नसत्या ना, तर तू जगली नसतीस,” ती म्हणाली. “केळ्यातून दिल्या, कारण दुसरं काही तू गिळत नव्हतीस. मग केळंही सुटलं. पंधरा दिवस तू काय खाल्लंस ते मला अजून पाठ आहे. काही नाही. साखरेचं पाणी. तुझी फासळी न् फासळी मोजून यायची.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “नाटकं म्हणते मी, ते माझ्यासाठी म्हणते.”

फाईलचं तिनं त्या रात्री पुन्हा काढलं नाही.

गुरुवारी दुपारी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. सरांनी मला बोलावून घेतलं, कारण मापं माझी होती. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, कापडी पिशवीतून त्यांनी एक आखलेला कागद काढला. त्यावर खाटांचे नंबर होते आणि प्रत्येक नंबरापुढे खोडलेल्या शब्दांची रांग. एकेक खोडलेला शब्द म्हणजे सुटलेला पदार्थ.

सरांनी छापील लेख समोर ठेवला, बोट ओलं केलं, तक्त्याचं पान काढलं. कोपऱ्यावर ओला डाग उमटला. बाईंनी तो पाहिला आणि कागद स्वतःच्या बाजूला ओढताना दुसरा कोपरा धरला.

“आमच्याकडे अकरा मुलं आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांतली सात सध्या फक्त दुधावर आहेत. पाव सोडला, अंडं सोडलं, बिस्किटं सोडली. एकानं तर थुंकी गिळायची सोडली होती, आठवडाभर रुमाल घेऊन बसायचा. दूध तेवढं मी राखलंय. औषधाच्या दिवशी सकाळपासून दूध बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी देते. पोरं रडतात, आया माझ्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. दूध टिकलंय.”

“आता बोटं मोडायचं कारण नाही,” सर म्हणाले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. “सोमवारपासून आधी दूध, मग ढाल, मग औषध. दूध खुशाल द्या.”

“खुशाल?”

“अगदी खुशाल.”

बाईंनी चष्मा लावला. तक्ता त्या बोट ठेवून वाचत होत्या, ओळीमागून ओळ, दुकानदाराची पावती तपासावी तसा.

“हे बारा होते ना? इथे सहाच आहेत.”

“हो, ते तांत्रिक आहे. खाली तळटीप आहे बघा. नळ्या तुंबल्या.”

“नळ्या आमच्याही तुंबतात,” बाई म्हणाल्या. “पण बारांतल्या सहा? आणि या दुसऱ्या गटात किती तुंबल्या?”

“किरकोळ बाब आहे हो. बाटल्या धुणारी बाई जरा अशीच आहे, तिचं मी वर कळवलंय.” सर माझ्याकडे वळले, आवाज मऊ केला. “बेटा, सांग यांना. तूच मापलंस ना सगळं? सांग, तुंबल्या होत्या म्हणून. म्हणजे यांचं समाधान होईल.” आणि त्यांनी पेपरमिंटची डबी माझ्याकडे सरकवली.

डबीच्या झाकणाला आतून गोळ्यांची पांढरी भुकटी लागली होती, तीत त्यांच्या बोटाचा ठसा होता. माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, ते खाण्याचं नव्हतं. मी डबी मिटली. फाईल पेपरवेटखाली होती, तिच्या कडेला माझ्या नावाची चिठ्ठी. ती मला बसल्या जागेवरून वाचता येत होती.

बाई थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. ज्या बाईनं रडत्या मुलांपुढे दूध रोखून धरलंय, तिला थांबता येतं.

“दुसऱ्या गटात एकही तुंबली नाही,” मी म्हणाले.

“अगं, तो योगायोग,” सर म्हणाले.

“या गटातही एकच तुंबली होती. नऊ नंबरची. बाकीच्या पाच मोकळ्या होत्या, मी स्वतः तपासल्या होत्या. ते उंदीर दूध प्यायले नाहीत, कारण त्यांना त्याची किळस बसली होती. ढाल देऊनसुद्धा. म्हणून त्यांना काढून टाकलं.”

“बेटा, तुला बरं वाटत नाहीये.”

“हो, अकरा आठवडे वाटत नाहीये.” माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला, वर्गात निघतो तसा. “धुणाऱ्या मावशींची काही चूक नाही. पाचांपैकी तीन नोंदी माझ्या हातच्या आहेत, दोन सरांच्या. वही खोलीत आहे, तुम्हाला आत्ता दाखवते.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे सोमवारी मी काय करू?”

“दूध देऊ नका,” मी म्हणाले. “ढालीवर विसंबू नका, तुम्ही करताय तेच करत राहा. आणि हा निकाल मी मागे घेते आहे. माझ्या सहीनं, लेखी, आजच.”